बाबा शुद्धीत राहावेत म्हणून

"हा डिलिरियम आहे," वाशिमच्या रुग्णालयात डॉक्टर म्हणाले. डिलिरियम म्हणजे मेंदूचा गोंधळ. माणसांची, जागेची ओळख सुटते, नसलेलं दिसतं. ते वेड नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. बाबांचा यकृताचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात होता.

दोन दिवस आधी, आमच्या गावी शिरपूर जैनला, घरीच ते चादरीवरून सोयाबीनच्या शेंगा वेचू लागले होते. चादरीवर काही नव्हतं.

रक्त तपासलं, लघवीची नळी घातली, एक औषध थांबवलं. फरक पडला नाही. डॉक्टरांनी मला आणि आईला बाहेर बोलावलं.

"कारण आता दुरुस्त होणारं नाही. उपचार कशासाठी करायचे, ते ठरवू. ते फार घाबरलेत. औषधाने भीती कमी होईल, पण बहुतेक वेळ झोपून राहतील."

आत्या मागेच उभी होती. "झोपवून मारता का माह्या भावाले? गजा येऊ द्या. शुद्धीत त्याच्या हातचं पानी पेला पाह्यजे."

गजानन माझा धाकटा भाऊ. तो ऊसतोडीला गेला होता, यायला दोन दिवस लागणार होते. मरणाऱ्याला मुलाने पाणी पाजायचं, ही आमच्याकडची रीत. ते मरणाऱ्याला कळलंही पाहिजे, ही आत्याची अट. मला ती पटली.

"या दोन दिवसांचा त्रास त्यांना होईल," डॉक्टर म्हणाले. मी औषध नको म्हणून सही केली.

पहिल्या दिवशी बाबांनी डॉक्टरांना तलाठी समजून झापलं. "सातबारा कुठी हाय बे? चार चकरा झाल्या माह्या!" वॉर्ड हसला. मीही हसले.

दुपारी त्यांनी सलाइन उपटलं. आम्ही आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी त्यांचे हात खाटेला बांधले. दुसऱ्या दिवशी मनगटं सोलली होती. "चोरायनं बांधलं मले," ते ओरडत होते. चोर म्हणजे आई आणि मी.

तिसऱ्या दिवशी सकाळी गजानन थेट एसटी स्टँडवरून आला. आत्याने त्याच्या हातात पाण्याचा चमचा दिला. बाबा शांत झाले. त्याच्याकडे नीट बघत राहिले.

"गजा हाय ना तू?"

"हो बाबा, मीच."

"वयखलं तुले. जहर पाजाले तुलेच धाडलं का यायनं?"

गजाननने पाजलेलं पाणी त्यांनी त्याच्या तोंडावर थुंकलं.

मी डॉक्टरांकडे गेले. इंजेक्शननंतर अर्ध्या तासात बाबांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. नर्सने पट्ट्या सोडून मनगटांना मलम लावलं. त्या बाईंनी आम्हाला एका शब्दाने बोल लावला नाही, हे मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा गेले. झोपेतच.

तुमच्यावर ही वेळ आली तर जागं ठेवायचं की शांत ठेवायचं, हे खाटेवरच्या माणसाच्या बाजूने ठरवा. डॉक्टरांना विचारा, त्याला आत्ता काय होत असेल. आम्ही ते विचारलं नाही.

ते भ्रमात होते, त्यांनी ओळखलंच नसेल, असं गजाननला सगळे सांगतात. तो ऐकून घेतो. बाबांनी त्याचं नाव घेतलं होतं.