चोवीस क्विंटलांची तूट

पिंपळगाव रेणुकाईची शिवकन्या बी.कॉम. होऊन जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत लागली, त्याला महिना झाला होता. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातली साठा पडताळणी तिने पहिल्यांदाच खऱ्या गोदामात केली. आवक रजिस्टरपेक्षा सोयाबीन चोवीस क्विंटल कमी भरलं. अहवाल तिने मॅनेजरला दिला, जरा ऐटीतच.

दुपारी कळलं, चार वाजता पोलीस येणार. संशय गोदाम सांभाळणाऱ्या कचरूकाकांवर. ती तडक गोदामात गेली.

"माझ्या डब्यातली चटणी खाऊन मलाच चोर करून राह्यली का गं?" काका म्हणाले.

"मी चोर न्हाई लिहिलं काका. तूट लिहिली."

"गावाला सांग तो फरक."

साडेतीन वाजले. कॉलेजातल्या मॅडम सांगायच्या, ताळा जमला नाही तर आकडा जिथून उगवला तिथं जा. आवकीचा आकडा उगवला होता गेटजवळच्या वजनकाट्यावर. ती धावत गेली. त्या आवकीच्या बाराही टेम्पोंच्या पावत्या चाळल्या. भरलेलं वजन, रिकामं वजन, वजाबाकी. सगळं बराबर.

तेवढ्यात केदारखेड्याचा टेम्पो काट्यावर चढला. पोत्यांवर तिची आत्या झुंबरबाई आणि तीन बाया बसलेल्या.

"शिवकन्या! किती वाळली गं!"

काटेवाल्याने भरलेलं वजन घेतलं. मग बाया उतरल्या, बाजाराकडे निघाल्या. आता टेम्पो गोदामात रिकामा होऊन पुन्हा काट्यावर येणार होता. बायांविना.

शिवकन्याने जाणाऱ्या बायांकडे पाहिलं. ती स्वतः कितीदा अशीच पोत्यांवर बसून जालन्याला आल्ती! बायांचं वजन सोयाबीन म्हणून रजिस्टरात चढत होतं.

"आत्या, परत चढा!"

"येडी झाली का पोरगी?"

"जल्दी चढा, पाया पडते."

बाया बसवून एक पावती, उतरवून दुसरी. फरक दोनशे पाच किलो. गावाकडच्या टेम्पोवर माणसं असायचीच; बारा टेम्पोंना चोवीस क्विंटल सहज होत होते.

चारला पाच मिनिटं कमी होती. दोन्ही पावत्या घेऊन ती केबिनच्या दारात उभी राहिली. आपलीच चूक सांगायची, नोकरी महिन्याची.

"सर, माझा अहवाल चुकला. मी काटा बघितलाच नाही. टेम्पोवर बसलेल्यांचं वजन मालात धरलं गेलंय."

मॅनेजरने दोन्ही पावत्या उलटसुलट पाहिल्या. बाहेर जीप थांबली. ते उठले, गेटवर गेले आणि पोलिसांना चहा पाजून परत पाठवलं.

नोकरी राहिली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती नेहमीच्या जागी बसली, जिथं महिनाभर ती आणि काका सोबत डबा खायचे. कचरूकाका डबा घेऊन आले, तिच्याकडे न बघता पुढे गेले आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला बसले.