भैरोबापुढं आठवलेली चूक

माझी श्रद्धा तशी बेताचीच होती. यंत्रावर हात काळे करणाऱ्या माणसाला वाटतं, नट नीट आवळला की देवाला त्रास द्यायचं कारण नाही. मलाही तसंच वाटायचं. सत्तरच्या दशकात मी कॅनडाच्या पार उत्तरेला, निकेल आणि तांब्याच्या एका खाणीत फिटर होतो. तिथं जायला रस्ता नव्हता. माणसं, पीठ, औषधं सगळं लहानशा विमानानं यायचं, तेही हवा बरी असली तर. माझ्याकडं पाळण्याची देखभाल होती. पाळणा म्हणजे पोलादी दोरावर लोंबणारा पिंजरा. माणसं त्यातूनच जमिनीखाली कामाला उतरायची आणि त्यातूनच वर यायची.

सुट्टीवर दौंड तालुक्यातल्या आमच्या राहू गावाला आलो होतो. मी परदेशी निघालो की आई मळ्यातल्या भैरोबाच्या देवळाच्या जाळीला दोऱ्याची गाठ बांधायची, आणि सुखरूप परतलो की ती मी माझ्या हातानं सोडायची असा तिचा नेम. या खेपेला मी तीन आठवडे आज-उद्या करत टाळलं. शेवटी एका रविवारी सकाळी तिनं मला हाताला धरूनच नेलं. गाठ पावसानं आवळली होती, नखानं काही सुटेना.

"घाईत बांधलीस वाटतं," मी म्हणालो.

"बांधताना घाई चालती बाबा. सोडायची ऱ्हायली म्हंजी वंगाळ."

तिच्या या बोलण्यानं मला एकदम खाणीतला पाळणा आठवला. पाळणा ठरल्या उंचीच्या वर गेला तर वीज तोडणारं एक बटण असतं. दोर बदलल्यावर चाचणीसाठी त्या बटणाला बगल देऊन मी वायरचा एक तुकडा जोडला होता. चाचणी झाली की तो काढायचा असतो. पण वादळ यायच्या आत विमान निघणार म्हणून निरोप आला, आणि गावी जायच्या आनंदात मी नोंदवहीत 'काम पूर्ण' लिहून सही ठोकली. तो तुकडा तिथंच राहिला. म्हणजे चालकाचा हात जरा चुकला तर माणसांनी भरलेला पाळणा वरच्या चाकावर जाऊन आदळणार, आणि वीज तोडायला तिथं काहीच नाही. माझी सही पाहून कुणी पुन्हा तपासायलाही जाणार नव्हतं.

आईला तिथंच सोडून मी एका जीपनं दौंड गाठलं. रविवारी पोस्ट बंद, म्हणून स्टेशनातल्या तारघरात गेलो. कागद पुढं ओढला आणि खाणीच्या नावे इंग्रजीत लिहिलं, 'पाळण्याचं वरचं बटण सवडीनं तपासावं.' हो, सवडीनं. खोटी सही कबूल केली तर नोकरी जाणार, हे त्या घडीलाही मला सुचत होतं. आज लिहितानाही त्या शब्दाची लाज वाटते.

बाबू नवा होता. परदेशी तार कशी घ्यायची ते त्याला उमगेना, म्हणून बाहेर बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यानं हाक मारली. ते रेल्वेतले निवृत्त तारमास्तर, सोलापूरकडच्या गाडीची वाट बघत होते. त्यांनी कागद वाचला, मग माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"पावनं, घामानं भिजलाय तुम्ही, आन् हितं सवडीनं लिव्हलंय. चूक कुणाची हाय?"

"माझी," मी म्हणालो. माझं मलाच नवल वाटलं.

"मंग तसं लिवा. आधी पाळणा थांबवाया सांगा, मंग तुमचं नाव. नाव असलं की माणूस इस्वास ठेवतो."

मी तसंच लिहून दिलं. तेवढ्यात त्यांची गाडी आली. मी त्यांना जायला सांगितलं, पण ते हलले नाहीत. परदेशी तारा पुढं धाडणाऱ्या पुण्याच्या तारघरात तार पोचल्याची खूण येईपर्यंत ते यंत्रापाशी बसून राहिले आणि त्यांची गाडी निघून गेली. मी पाया पडायला वाकलो तर माझ्या कपाळावरच्या गुलालाकडं बघत म्हणाले, "माझ्या न्हाई, जिथनं आलाय तिथं पडा."

पुढचे पाच दिवस मी उत्तराची वाट पाहत होतो. सायकलची घंटा वाजली की तारवाला आला वाटून दारात धावायचो. रोज पहाटे भैरोबापुढं जाऊन बसायचो. मागायचं काय ते कळत नव्हतं. नोकरी वाचव म्हणायचं तर जीभ रेटेना. चौथ्या दिवशी एवढंच म्हणालो, माझं काय करायचं ते कर, ती माणसं तेवढी सांभाळ. त्या दिवशी पहिल्यांदा झोप लागली.

पाचव्या दिवशी तार आली. वायर सापडली, काढली, सगळे सुखरूप, आणि पाळण्याच्या कामावरून मला काढलं आहे. मी देवळाच्या पायरीवर बसून रडलो. आईला वाटलं नोकरी गेली म्हणून रडतोय, आणि मी तिला खरं सांगितलं तेव्हा ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढं दोन वर्षं त्याच खाणीत मी वरच्या कारखान्यात हलकं काम केलं. रोज पाळी सुटली की वर येणारी माणसं समोरून जायची, थट्टा करत, तंबाखू मागत. नाव लिहून तार केली, एवढंच माझ्या हातून झालं, तेही कुणी लिहायला लावलं तेव्हा. त्याआधीचे तीन आठवडे, ती वायर तशीच असताना, त्यांना रोज सुखरूप वर कुणी आणलं, हे मी कुणाला विचारलं नाही.