बाकवाल्या काकांचा दुसरा गोलकीपर

कॉम्प्युटरवर हॉकीचे संघ चालवणारी मंडळी त्यांना बाकवाले काका म्हणत. या खेळात स्टिक हातात धरायची नसते. खेळाडू घ्यायचे, त्यांना सराव द्यायचा, कोणाला उतरवायचं ते ठरवायचं आणि मग देवावर हवाला ठेवून सामना बघत बसायचं. काकांच्या बाकावर बसलेले राखीव खेळाडू असे तगडे, की इतरांचा पहिला संघ त्यांच्यापुढे फिका पडावा. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस तो. दोर तुटायची वाट बघणारा मेकॅनिक माणसं मारतो, हे त्यांचं ठाम मत, आणि ते त्यांनी हॉकीलाही लावलं होतं.

नवख्यांना ते फोनवर शिकवत. एका कॅशियरबाईंचा एकुलता एक गोलकीपर जायबंदी झाला आणि संघ हरतच सुटला. काका त्यांना म्हणाले, "बाई, दुसरा गोलकीपर नुसता घेऊन ठेवू नका. बसून बसून गंजतो तो. पहिला धडधाकट आहे तोवरच याला सोप्या सामन्यात उतरवा. खाऊ दे चार गोल. गोल खाल्ल्याशिवाय कुणी गोलकीपर होतं का?"

औषधांच्या दुकानातली नोकरी आटोपून आलेली लेक तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "बाबा, मग मला कधी उतरवताय?"

काकांना बरोबर कळलं. पलीकडच्या पलंगावर तिची आई होती. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, गिळणं कसंबसं उरलेलं. तिला भरवायचं काम काकांनी स्वतःच्याच हाती ठेवलं होतं. पाठीशी उशी, हनुवटी जराशी खाली, चमचा डावीकडून आणि तोही अर्धाच. मग तिच्या गळ्याशी दोन बोटं टेकवायची. गळा हलला की पुढचा घास, नाही हलला तर थांबायचं. तिथे घाई केली की घास भलत्या वाटेने जायचा.

"तुझ्या हाताला घाई फार," काका म्हणाले. "आणि दुसऱ्याच्या हातून खाते का ती? हे बघ."

त्यांनी चमचा उचलला. बायकोने त्यांच्याकडे बघत तोंड उघडलं. उभ्या संसारात या बाईने नवऱ्याचं तोंडभर कौतुक कधी केलं नव्हतं. आता ती त्यांच्या हाताची वाट बघत होती. खोटं कशाला बोला, काकांना त्या सुखाची चटक लागली होती. त्यात वाटेकरी नको होता, मग ती पोटची लेक का असेना.

हर्नियाचं दुखणं ते बरेच दिवस अंगावर काढत होते. एका सकाळी बायकोला कुशीवर वळवताना कळ आली ती थांबेचना. आतडं अडकलं होतं. हॉस्पिटलात त्यांना स्ट्रेचरवर घालून लगोलग ऑपरेशनला नेलं. लेक सोबत धावत होती आणि काका कळ सोसत सांगत होते, "पाठीला उशी दे. हनुवटी खाली. चमचा डावीकडून, अर्धाच. आणि हे बघ—"

स्ट्रेचर लिफ्टमध्ये गेलं, लेक बाहेर राहिली आणि दार लागलं. ज्या दारांपायी आयुष्य गेलं, त्यातल्याच एका दाराने त्यांचं वाक्य तोडलं. बोटांचं सांगायचं राहून गेलं.

ते घरी परतले तेव्हा बायकोच्या नाकात नळी होती. घास छातीत उतरून न्यूमोनिया झाला होता; त्यातून ती वाचली, पण आता तोंडाने थेंबभर पाणीसुद्धा द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

लेकीचा चेहरा ओढलेला होता. "तुम्ही सांगितलंत तसंच केलं, बाबा. डावीकडून, अर्धाच चमचा. आई खात होती माझ्या हातून. तोंड उघडत होती म्हणून मी देत गेले."

खात होती. म्हणजे ती लेकीच्या हातूनही खात होती. काका खुर्चीत बसले.

"तू नाही चुकलीस," ते म्हणाले. "गळ्याशी बोटं ठेवायची असतात. मी तुला कधी शिकवलंच नाही. परक्या बाईला फोनवर शिकवत बसलो आणि तुला जवळ येऊ दिलं नाही."

लेकीने डोळे पुसले, तेही घाईघाईनेच.

त्यांचा आवाज ऐकून पलंगावरच्या बाईने डोळे उघडले होते. नवरा दिसला तसं तिने तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. काकांचे दोन्ही हात रिकामे होते. त्यांनी लेकीला जवळ ओढलं, तिची दोन बोटं धरून आईच्या गळ्याशी टेकवली आणि वर आपला हात ठेवला.

"थांब," ते म्हणाले. "घाई नको."

बाईने नुसतीच लाळ गिळली.

"हलला, बाबा."

"हं. असा हलला की मगच पुढचा घास द्यायचा," काका म्हणाले.

बाईने पुन्हा तोंड उघडलं होतं.