फाट्यावर राहिलेली अंगठी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल. इतका शहाणा माणूस इतका मोठा गाढवपणा करतो, हे तुम्हाला पटायचं नाही. शहाणा म्हणजे मीच हो!

त्याचं असं झालं, माझ्या भाचीचा साखरपुडा ठरला, मोखाड्याला. मुलगा ठाण्याचा, त्याचे आईवडील दोघंही कॉलेजात शिकवणारे. आणि मी जव्हारला वह्या-पेनांचं दुकान चालवणारा मामा. ती माणसं फाडफाड इंग्रजी बोलणार आणि मी नुसता 'येस येस' करत बसणार? छे! लगेच मोबाइलवर शब्दांचा क्लास लावला. रोज एक भारी शब्द, त्याचा अर्थ आणि खाली सूचना: हा शब्द दिवसभर मोठ्याने वाक्यात वापरा, तरच अंगी मुरेल.

मग काय, वापरायलाच लागलो! जास्तीची आमटी वाढली की बायको 'मॅग्नॅनिमस', म्हणजे मोठ्या मनाची. दुधात पाणी अगदी बेताने घालणारा गवळी 'मेटिक्युलस', म्हणजे बारीकसारीक गोष्टींत काटेकोर. सुनंदा, म्हणजे आमची ही, वैतागून म्हणाली, "अहो, हे इंग्रजी एक दिवस तुम्हाला गोत्यात आणणार बघा!"

हिला शिक्षणाचं कौतुकच नाही, असं मी म्हणालो. मनात. तेवढी अक्कल आहे मला.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी ती माहेरी गेली. माहेर जव्हार-मोखाडा रस्त्यावरच्याच एका फाट्याला. जाताना मुलाला घालायची अंगठी स्वतःच्या पर्समध्ये टाकली. "तुमच्याकडे ठेवली तर हरवाल. सकाळी जीपने या, मी फाट्यावर उभी असेन. मला घ्यायला तेवढं विसरू नका!"

विसरेन कसा? सकाळी कोट चढवला आणि जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसलो. आमच्याकडची जीप तुम्हाला माहीतच आहे. पुढे चौघं, त्यातल्या एकाच्या गुडघ्यांत गिअर, मागे तर कुणाचा पाय कुणाचा ते उतरताना कळतं. त्या दिवशीचा शब्द होता 'अ‍ॅडमंट', म्हणजे काही केल्या न हलणारा, ठाम. जीप भरेपर्यंत हलत नव्हती, सरावाला याहून चांगली संधी कुठली?

"द जीप इज अ‍ॅडमंट! द ड्रायव्हर इज अ‍ॅडमंट!"

ड्रायव्हर या रस्त्यावर नवा, मला ओळखत नव्हता. कोट, चष्मा, हातात मोबाइल आणि तोंडी इंग्रजीत 'ड्रायव्हर'! त्याचा चेहराच उतरला. मागे वळून कुजबुजला, "तपासणीचे साहेब हायेत! जादा लोक उतरा, पटकन!"

निम्मी जीप रिकामी झाली. पुढे मी एकटा, पाय लांब करून! खरं सांगायला हवं होतं, कळतंय मला. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी साहेब म्हटलं होतं हो!

घाट संपला. माझी नजर मोबाइलवर, सराव चालूच. ड्रायव्हरने अदबीने विचारलं, "साहेब, फाट्यावर एक बाई हात करत्येय. एक सीट जादा होईल. घेऊ का?"

साहेब मान वर न करता कडाडले, "नो! आय ॲम अ‍ॅडमंट!"

जीप सुसाट. मागून एक म्हातारी ओरडली, "अगो बाय, ती बाई दगड उचलते का काय!"

मी आरशात पाहिलं. जांभळी पैठणी. मीच घेतलेली!

"थांब! थांब! अरे, ती माझी बायको आहे!"

"नाय साहेब," ड्रायव्हरने वेग वाढवला. "मी घेतली की तुम्ही पावती फाडणार. माझी परीक्षा बघताय ना?"

"अरे बाबा, मी साहेब नाही! माझं वह्यांचं दुकान आहे!"

"सगळे साहेब आधी असंच बोलतात!"

मोखाड्याला ताई, म्हणजे भाचीची आई, दारातच उभी. "अरे, अंगठी?" मी उगाच कोटाचे खिसे चाचपले. गुरुजी घड्याळ बघतायत, मुलाचे वडील माझ्याकडे बघतायत, ताईच्या डोळ्यांत पाणी. लाजेने मेल्यासारखं झालं. एक भारी शब्द आठवेल तर शपथ!

तेवढ्यात विटांचा ट्रॅक्टर दारात आला. त्यावरून पैठणी खोचून सुनंदा उतरली, अंगठी ताईच्या हातात दिली आणि माझ्याकडे पाहिलं. साखरपुडा झाला. व्याही इतकं गोड मराठी बोलले, की माझ्या इंग्रजीची कुणाला आठवणही झाली नाही.

जेवणानंतर सुनंदाने कोपऱ्यात गाठलं. मी सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "काय होता तो शब्द? अर्थ सांगा बरं." मी सांगितला. वाटलं, राग गेला. शिकायची आवड लागली!

परतताना व्याह्यांचा निरोप घेण्यात मला उशीर झाला. धावत स्टँडवर आलो, तर तीच जीप, तोच ड्रायव्हर, आणि माझ्या सीटवर सुनंदा! जीप सुटतच होती. मी दोन्ही हात हलवले.

"बाई, साहेब येतायत. घेऊ का?"

तिने पदर सावरला, माझ्याकडे बघितलं आणि ठणकावून सांगितलं, "नो! आय ॲम अ‍ॅडमंट!"

धुरळ्यात कोट झटकत मी उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, वाक्यात उपयोग अगदी बरोबर होता.