चोविसावी सही

दोच्का रालेवा हिला खरं तर धंदा करायचाच नव्हता. ती कामाला होती ती गिरणी बंद पडली तेव्हा वडलांचं तिमजली घर तिच्या नावावर होतं. खाली आपण राहायचं, वरचे दोन मजले भाड्याने द्यायचे आणि सुखाने म्हातारं व्हायचं, एवढाच तिचा बेत. पण भाडेकरू टिकेनात. एका फेब्रुवारीत वरच्या मजल्यावरची शिक्षिका सामान बांधून खाली आली आणि म्हणाली, "दोच्काताई, घर झकास आहे हो. पण आम्ही लाकडं जाळतो ती आभाळ तापवायला!"

हे तिला भलतंच झोंबलं. दार लावताना मांजराची शेपटी आड येते आणि तेवढ्यात ऊब निसटते, म्हणून गाब्रोवोची माणसं शेपटीच छाटतात, असं सगळा बल्गेरिया हसत सांगतो. त्याच गाब्रोवोत ही बाई आभाळ तापवत होती!

तिने ठेकेदार बोलावला. त्याने चार दिवसांत भिंतींना बाहेरून फोमचे जाड तक्ते चिकटवले, वर गिलावा केला आणि तो गेला. पुढच्या हिवाळ्यात भिंती आतून काळ्या पडल्या. संतापलेल्या दोच्काने शिडी लावली आणि एक तक्ता उचकटला. मागे गोंदाचे पाच गोळे, बाकी सगळी पोकळी. वारा खुशाल हिंडत होता.

"थापीभर गोंद वाचवला मेल्याने!" ती शिडीवरूनच ओरडली.

मग ती इरेला पेटली. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी सोफियाला जाऊन तीन महिने हेच काम शिकून आली. मोटार विकून तिने भिंतीतून ऊब कुठे गळते ते दाखवणारा कॅमेरा घेतला. दोन गिलावेवाले हाताशी धरून घर पुन्हा केलं, तक्त्यांच्या कडा स्वतः बुजवल्या. त्या हिवाळ्यात भाडेकरू अनवाणी हिंडू लागले. शेजारी येऊन भिंतीला तळहात लावून बघायचे आणि जाताना विचारायचे, "आमच्याकडे कधी येताय?" असा तिचा धंदा उभा राहिला.

खरा छळ पुढेच होता.

नदीकाठच्या सहामजली इमारतीत चोवीस घरं होती. सगळ्या मालकांनी सह्या दिल्या तरच सरकारी योजनेतून काम होणार होतं. इमारतीचा कारभार बघणारी ल्युबका, निवृत्त नर्स, तिने जिन्यात सभा बोलावली. दोच्काने कॅमेऱ्यातली चित्रं दाखवली, जिथून ऊब गळते तिथे लाल डाग.

"बघा, चौथ्या मजल्याची खिडकी केवढी लाल!" खालच्या मजल्यावरची एक बाई म्हणाली.

"असणारच! आमच्यात शेगडी पेटवतात. तुमच्यासारखं तीन स्वेटर घालून बसत नाहीत," चौथ्या मजल्यावरची बाई उसळली.

दोच्का समजावत राहिली आणि माणसं एकमेकांचे लाल डाग मोजत राहिली. आठ महिन्यांत तेवीस सह्या झाल्या. चोविसावी अडली मिंचोकाकांपाशी.

तिसऱ्या मजल्यावरच्या मिंचोकाकांनी फार पूर्वीच फक्त आपल्या घरापुरते तक्ते लावून घेतले होते. करड्या इमारतीच्या मधोमध तेवढा चौकोन पिस्त्याच्या रंगाचा.

"माझी गोधडी मी शिवली," ते म्हणाले. "आता गावाला थंडी वाजते म्हणून ती उसवू?"

"काका, त्या गोधडीच्या कडेकडेने थंडी आत येतेय. ते कपाट सरकवा, दाखवते."

"जड आहे ते."

दोच्काने खांदा लावून कपाट सरकवलं. मागे छतापर्यंत काळी बुरशी. म्हातारा खिडकीकडे वळला. म्हणाला, "रंग माझ्या बायकोने निवडला होता. गेली त्याच्या आदल्या वर्षी. बाजारातून येताना वर बघतो ना, तेव्हा कळतं, ते आपलं घर."

दोच्काचा राग विरघळला. "तेवढा चौकोन पिस्त्याचाच ठेवते," ती म्हणून गेली.

झालं! दुसऱ्याच दिवशी पाच जण आपल्या सह्या खोडायला हजर. त्यांनाच वेगळा रंग का? मग आमची बाल्कनी निळी करा! शेवटी ल्युबकाने तोड काढली, अख्खी इमारतच पिस्ता रंगाची करू. महिनाभर भांडून सगळे तयार झाले, तर मिंचोकाका म्हणतात, "मग माझं घर कुठलं ते मला कसं कळणार?"

"अहो, भिंतीतून वारा येतोय आणि तुम्ही रंगावर भांडताय!" दोच्का जिन्यात किंचाळली.

"ओरडू नका, ताई," वरून कोणीतरी शांतपणे म्हणालं. "तोंडातली ऊब बाहेर जाते."

सगळा जिना खदखदून हसला. एरवी दोच्काही हसली असती. त्या दिवशी ती कोपऱ्यावर जाऊन रडली, निव्वळ चिडून.

त्या हिवाळ्यात तिने सुटी सुटी अकरा घरं केली. एक मालक, एक सही, तीन आठवड्यांत काम. पण रोज घरी जाताना ती नदीकाठची इमारत दिसायची आणि रात्रीचा घास कडू व्हायचा.

डिसेंबरात मिंचोकाका खोकत खोकत तिच्या दुकानात आले. डॉक्टरने त्यांना बुरशीच्या खोलीत झोपू नका म्हणून बजावलं होतं. त्यांनी कागद मागितला, सही केली. "कुठला रंग द्यायचा तो दे, पोरी."

दोच्काने कागद फाइलीत ठेवला. योजनेची मुदत नऊ दिवसांपूर्वी संपली होती. म्हाताऱ्याला ते सांगायला तिची जीभ रेटेना. तिने त्यांना चहा पाजला आणि घरापर्यंत सोडलं.

वसंतात योजना पुन्हा उघडली. दोच्का फाइल घेऊन धावली, तेव्हा ल्युबकाने दारातच सांगितलं, "दोन घरं विकली गेलीत गं. नव्या मालकांच्या सह्या नव्याने लागतील."

दोच्का पाचव्या मजल्यावर गेली. एका तरुणाने दार उघडलं, तिचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, चित्रंही बघितली.

"छान आहे," तो म्हणाला. "विचार करून सांगतो."

दार लागलं. दोच्काने एक कडक शिवी हासडली, फाइल काखेत मारली आणि दुसऱ्या नव्या मालकाच्या दाराकडे निघाली.