भाऊंची पट्टी आणि आमची अक्षरं

परवा ऑफिसातला जुना मॉनिटर भंगारात काढला. न्यायला आलेला माणूस तासभर आमच्याकडेच बसून राहिला. बिचाऱ्याचा दोष नाही. मॉनिटर उचलता उचलता मी एक किस्सा सांगितला, शैलाताईंनी त्याला दुसरा जोडला, आणि चहा दोनदा झाला. आमच्या धंद्यात पैसा साठला नाही म्हणणारे म्हणोत, किस्से मात्र नको म्हटलं तरी साठले!

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. तेव्हा रत्नागिरीत "आम्ही वेबसाइट करतो" असं सांगितलं की लोक विचारायचे, "ते ठीक आहे हो, पण पोटापाण्याला काय करता?"

आम्ही तिघं. मिलिंद कोड लिहायचा. शैलाताई लग्नपत्रिकांच्या प्रेसमधून आलेल्या, अक्षरांची जबाबदारी त्यांची. मी गिऱ्हाइकाशी बोलायचो, म्हणजे त्याच्या शिव्या खायचो. दवाखान्याच्या वरची एक खोली, दोन कॉम्प्युटर, आणि लाइट असेल तर पंखा.

मिलिंदचे वडील म्हणजे भाऊ. मालगुंडजवळच्या एका शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मिलिंदला बजावून ठेवलं होतं, गणपतीपर्यंत काय ते करून दाखव. नाहीतर विसर्जन झालं की मुंबई, काकांनी नोकरी बघून ठेवलेली आहे. मिलिंद गेला असता तर आमचं दुकान त्याच दिवशी बंद. कारण मला फक्त बोलता येत होतं, आणि नुसत्या बोलण्याची वेबसाइट होत नाही.

*

पहिलं गिऱ्हाईक आंबेवाले बापू. त्यांना आंब्याच्या पेटीवरच्या लेबलासारखी साइट हवी होती. पिवळ्या जमिनीवर लाल अक्षर, सगळं ठळक.

"सगळा ठळक करा. बारीक काय ठेवायचा नाय. आंबो काय चोरून विकतोय मी?"

गिऱ्हाईक म्हणजे देव, म्हणून आम्ही केलं. हापूस ठळक, पायरी ठळक, पत्ता ठळक, 'चौकशी करावी' हेसुद्धा ठळक. वर 'ताजे' हा शब्द उघडझाप करत होता. बापू खूश. पण दुसऱ्या दिवशी परत आले, तोंड पाडून. त्यांच्या पुण्याच्या व्याह्यांनी साइट बघितली होती आणि फोन करून विचारलं होतं, की सगळं छान आहे, पण विकताय काय?

मी समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात शैलाताईंनी विचारलं, "बापू, शिमग्याला देवापुढे गाऱ्हाणं किती जण घालतात?"

"किती म्हणजे? एकच मानकरी घालतो. बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात."

"आणि सगळ्यांनीच गाऱ्हाणं घातलं तर?"

बापू स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हापूस तेवढो ठेव. बाकी सगळ्यांका व्हय म्हाराजा करून टाक."

'हापूस' मोठा आणि ठळक राहिला, बाकी सगळं साधं झालं, उघडझाप बंद. त्या सीझनला बापूंकडे चौकशी थेट नागपूरहून आली. आमच्या ऑफिसात साध्या अक्षराला अजूनही 'व्हय म्हाराजा' म्हणतात. नवीन माणसाला आधी ते शिकवावं लागतं.

*

बापूंच्या यशानं मिलिंदला चेव आला आणि त्यानं भाऊंना ऑफिस बघायला बोलावलं. घाई केली!

भाऊंची वाचनाची एक रीत होती. शाळेत प्रत्येक मुलानं ओळीखाली लाकडी फूटपट्टी धरायची आणि मोठ्यानं वाचायचं. आणि मूल अडखळलं तर भाऊ मुलावर चिडत नसत, वाचणारा अडखळला तर दोष लिहिणाऱ्याचा असं म्हणत. ती पट्टी निवृत्तीनंतरही त्यांच्या पिशवीत असे. रोजचा पेपर ते पट्टी धरूनच वाचत.

मिलिंदनं त्यांना एका पतसंस्थेची साइट दाखवली. त्या काळातली फॅशन म्हणून तिच्यावर खालून वर सरकणारा मजकूर होता. भाऊंनी चष्मा पुसला, पिशवीतून पट्टी काढली आणि थेट मॉनिटरच्या काचेवर ओळीखाली धरली. ओळ वर निघाली. भाऊंनी पट्टी वर घेतली. ओळ आणखी वर. पट्टी आणखी वर. शेवटी भाऊ खुर्चीवरून उठून उभे राहिले, आणि ओळ चौकटीतून गेली ती गेलीच.

भाऊ शांतपणे पट्टी पिशवीत ठेवत म्हणाले, "हा मजकूर थांबला की मला बोलवा."

मिलिंदचं तोंड बघवत नव्हतं. त्यानं त्याच दिवशी साइटवरचं सगळं सरकणं बंद केलं. पतसंस्थेचे चेअरमन आठवड्यानं भेटले आणि म्हणाले की सभासद आता नियम वाचून यायला लागलेत, त्यामुळे भांडणं वाढलीत. आम्ही याला यशच समजलो!

*

गणपतीपुळ्याला जोशीकाकूंचं घरगुती लॉज होतं. त्यांच्या साइटवर जेवणाची यादी मराठीतच हवी होती. केली. आमच्या कॉम्प्युटरवर झकास दिसत होती. पण दुबईला काकूंचा भाचा होता, त्यानं उघडली तर मोदकाच्या जागी नुसत्या इंग्रजी अक्षरांच्या माळा आणि प्रश्नचिन्हं. आमचा मराठी फाँट त्याच्याकडे नव्हताच ना! त्यानं फोन करून काकूंना विचारलं, "मावशी, जेवण कोण बनवतं हल्ली?"

मग आम्ही शक्कल लढवली. प्रत्येक शब्दाचं चित्र करून टाकलं. आता अक्षरं सगळीकडे सारखी दिसणार. दिसली, पण फोनच्या लाइनवरून येणारं इंटरनेट! पान वरून खाली पडद्यासारखं उलगडायचं. आधी वेलांटी, मग काना, मग उरलेलं पदार्थाचं नाव. काकूंनी ते एकदा समोर बसून बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे सोलकढी मागितल्याबरोबर येते. तिचं नावच काय ते उशिरा येतं."

मिलिंद हट्टाला पेटला. पानाबरोबरच फाँट पाठवायची एक युक्ती कुठेतरी होती, ती त्यानं खणून काढली. शैलाताईंनी न लागणारी अक्षरं काढून फाँट हलका केला. दुबईचा फोन पुन्हा आला. भाच्यानं काकूंना अख्खी यादी वाचून दाखवली, अळूवड्यांपासून खरवसापर्यंत. काकू फोनवरच रडायला लागल्या, म्हणाल्या, "वाचतोस काय नुसता, ये की खायला." मग आम्हा तिघांना पान मांडून जेवायला बसवलं. मी सहा मोदक खाल्ले, मिलिंदनं मोजलेत म्हणे, मी काही मोजले नाहीत.

*

सगळीच गिऱ्हाइकं अशी प्रेमळ नव्हती. विवाह मंडळवाल्या दामल्यांनी हट्ट धरला, मरून रंगावर पांढरी अक्षरं हवीत, शालू वाटला पाहिजे. शैलाताई नको नको म्हणत होत्या. दिसायला सुंदरच दिसलं. पण चिपळूणच्या एका वधूपित्यानं स्थळाचं पान प्रिंट केलं. छापताना मागचा रंग येत नाही, हे कोणाच्या ध्यानात? पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरं आली!

तो कोरा कागद घेऊन ते गृहस्थ दामल्यांकडे आले आणि म्हणाले, "मुलाबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही, असं दिसतं."

दामले तसेच आमच्याकडे धावत आले. अक्षरं काळी झाली, जमीन पांढरी झाली. ते लग्नही पुढे जमलं, आम्हाला पत्रिका आली. तीसुद्धा मरून!

*

एका डेंटिस्टनी आम्ही केलेल्या साइटवर, आम्हाला न विचारता, महत्त्वाच्या शब्दांखाली रेघा मारून घेतल्या होत्या. रेघ दिसली की लिंक समजून लोक क्लिक करणार, ते साहजिकच आहे. एक पेशंट तक्रार करायला लागला, "'वेदनारहित'वर तीनदा दाबलं, काहीच झालं नाही."

डॉक्टर म्हणाले, "मग बरोबर आहे." पण रेघा काढल्या हो त्यांनी.

*

आता शेवटचा किस्सा. गणपती तोंडावर आले होते. काकांचं पत्र येऊन पडलेलं, मिलिंदची बॅग शिवायला टाकलेली. अशात भाऊंच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेची साइट करायला दिली. शाळेचा इतिहास भाऊंनीच लिहिलेला होता, चांगला लांबलचक.

मिलिंदनं मजकूर चढवला. ओळी स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. स्वतः वाचायला बसला तर एक ओळ संपून दुसरीवर येताना डोळा भलत्याच ओळीवर जायचा. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकत होते. शैलाताई म्हणाल्या, "इंग्रजीचं अंतर मराठीला पुरत नाही रे. आपल्या अक्षरांना वर छत्री लागते आणि खाली पाय पसरायला जागा."

मग तो नुसता त्या एका पानाच्या मागे लागला. ओळी आखूड केल्या. दोन ओळींत मोकळी जागा सोडली. अक्षर दोन पायऱ्या मोठं केलं. शेवटी एक शीर्षक सोडून सगळं व्हय म्हाराजा. मी म्हटलं, अरे, हे फारच साधं दिसतंय, भाऊ म्हणतील यात तू केलंस काय? त्यानं दोन ओळींतली जागा आणखी केसभर वाढवली.

भाऊ आले. चष्मा पुसला. पिशवीतून पट्टी काढली आणि मोठ्यानं वाचायला लागले.

शाळेचा पहिला वर्ग देवळाच्या पडवीत भरायचा, तिथपासून सुरुवात. भाऊंचा आवाज अजून वर्गातलाच होता. खालच्या दवाखान्यातले पेशंट जिन्यात येऊन उभे राहिले. ओळीमागून ओळ जात होती. पट्टी त्यांच्या हातात होती, मग मांडीवर आली, मग कधीतरी टेबलावर. शैलाताईंनी मला कोपरानं ढोसलं. मिलिंद खिडकीबाहेर बघत उभा होता, पान संपेपर्यंत त्यानं मान वळवली नाही.

भाऊ कुठेही अडखळले नाहीत.

वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पाणी मागितलं, प्यायले. चपला घातल्या आणि जिना उतरायला लागले. आम्ही तिघं एकमेकांची तोंडं बघतोय. तेवढ्यात मिलिंदचं लक्ष टेबलाकडे गेलं आणि तो जिन्याकडे धावला.

"भाऊ, तुमची पट्टी राहिली!"

खालून आवाज आला, "राहू दे तिथेच. आणि तूही राहा."