उजेडाकडे धरलेलं पान

शेवंतामावशी गेली, आणि तिचा शेवटचा फोन मी उचलला नाही.

वॉर्डात राउंड चालू होता. फोन खिशात थरथरला. नाव बघितलं, म्हटलं, ड्युटी संपली की करते.

ड्युटी संपली, घरी आले, विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या सुनेचा फोन आला.

आज तेरवी. मूल या आमच्या तालुक्याच्या ठिकाणाहून गावाकडे जाणाऱ्या बसमध्ये बसून हे लिहितेय.

ती माझी सख्खी मावशी नव्हती. शेजारीण. आईची जोडीदारीण. मोहाची फुलं वेचायला दोघी, बिडीचा तेंदूपत्ता तोडायला दोघी, आणि भांडायलाही दोघीच.

माझ्या आईला मोह वेचताना वाघाने मारलं. मी एकोणीस वर्षांची होते.

आमच्याकडे मोहाला एकटं कुणी जात नाही. त्या दिवशी मावशीला ताप होता, म्हणून आईसोबत मी जाणार होते. पण नर्सिंगच्या ऑनलाइन फॉर्मची शेवटची तारीख होती. मी मूलला सायबर कॅफेत गेले. आईच म्हणाली होती, "जा तू. मी जवळच्या जवळ जाऊन येईन."

त्यानंतर डोक्यात एकच वाक्य.

मी गेले असते तर.

उठताना तेच, भात कालवताना तेच. नर्सिंगला नंबर लागला तरी ॲडमिशनला जायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. ज्या फॉर्मने आई खाल्ली, त्या फॉर्मवर शिकायचं?

मे महिन्यात मावशीने मला ओढतच तेंदूपत्त्याला नेलं. "घरी बसून भिताडाकडे पाहून काय भेटून राह्यलं तुले? चाल."

पहाटे पानं तोडायची, दुपारी मांडवाखाली बसून पुडे बांधायचे. संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे पानं घेतात तिथे, नेऊन द्यायचे. एक जरी पान भोकाचं निघालं तरी फळीवरचा मुनशी अख्खा पुडा बाजूला टाकायचा. म्हणून शंका आली की मावशी पान उजेडाकडे धरायची. टाचणीएवढं भोकही दिसतं.

माझे हात चालायचे आणि डोळे वाहायचे. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं,

"काय चालू हाये डोक्यात? तोंडानं बोल."

"मी गेली असती तर माय वाचली असती."

तिने हातातलं पान माझ्या डोळ्यांसमोर वर धरलं.

"आता याले पाह्य. तू गेली असती तर वाघाले काय केलं असतं? फॉर्म दाखवला असता?"

मला हसू आलं. महिनाभरात पहिल्यांदा. आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली.

"माय गेली, हे पान खरं हाये. ते ठेव, जल्मभर ठेव. तुह्यानं गेली, याले भोक हाये. तोडलं म्हणून पुड्यात घालाच लागते काय?"

तेव्हापासून आमचा तोच उद्योग. विचार आला की मोठ्याने बोलायचा आणि उजेडाला धरायचा. काल टाकलेलं आज परत हातात यायचं. मी वैतागायचे.

"येतेच," ती म्हणायची. "झाड थोडीच तोडलं आपण."

पुढे नोकरीत एक ट्रेनिंग झालं. मॅडम स्क्रीनवर समजावत होत्या, नकारात्मक विचार कसा ओळखायचा, त्याचा पुरावा कसा तपासायचा. सगळ्या जणी वहीत उतरवून घेत होत्या. मी खिडकीबाहेर बघत बसले. मला आमचा मांडव आठवत होता.

एक गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितली नाही.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी मावशीने एक पान वर धरलं. मग म्हणाली,

"आता माह्यं पाह्य. मीच सांगतलं होतं तिले. नाल्याच्या अंगाले मोह लय पडून राह्यला म्हणून."

आई नाल्याच्या अंगालाच सापडली होती.

मी उठून घरी निघून गेले.

खरं सांगते, राग आला. इतके दिवस माझी पानं निवडत बसली, आणि स्वतःचं हे पान मांडीखाली दाबून. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिनेही हाक मारली नाही. काम संपलं होतं, तरी रिकाम्या मांडवाखाली येऊन बसायची.

तिसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"मावशी, मोह कुठी पडते हे मायले तू सांगाले पाह्यजे होतं काय? तिले सारं जंगल पाठ होतं. माय तिथीच गेली असती. भोक हाये त्याले."

"नीट पाह्यलं?"

"पाह्यलं."

तेव्हा ती रडली. आईच्या तेरवीला भांडी घासत राहिलेली, डोळ्यातून टिपूस न काढलेली बाई.

नंबर लागला, ॲडमिशनची तारीख आली तेव्हा चंद्रपूरला मला तीच घेऊन गेली. बसमध्ये खिडकी मला दिली आणि सगळा वेळ माझी बॅग स्वतःच्या मांडीवर धरून बसली.

आज त्याच रस्त्याच्या बसमध्ये मी एकटी आहे, आणि जुन्या झाडाला नवं पान आलंय. फोन उचलला असता तर.

मावशी, धरते बघ.

उचलला असता तर तू वाचली असतीस का? नाही. झोपेतच गेलीस, सून सांगते. याला भोक आहे. टाकलं.

तू काऊन फोन केला होता, ते आता मला कधीच कळणार नाही.

हेही धरलं. चार वेळा फिरवून बघितलं.

याला भोक नाही, मावशी. हे ठेवते.

तुझी खूप आठवण येते गं. गाव जवळ आलंय आणि उतरावंसं वाटत नाही. अंगणात तू नसशील.

जाय आता नीट. माय भेटन तुले.

तिले सांगजो, फॉर्म कामी आला.